हायब्रिड मोटारीचे उतारवय

ज्या मोटारीच्या मागच्या आसनावर बसण्याचा मान दहा-बारा वर्षांपूर्वी कारखानदार, बडे सनदी अधिकारी आणि नामांकित वकील अशा मोजक्या मंडळींनाच लाभत असे, ती मोटार आज पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एखाद्या नव्या लहान गाडीच्या किमतीत मिळते. आणि तरीही गिऱ्हाईक तिच्याभोवती एक फेरी मारते, दार उघडून चामडी आसनावरून हात फिरवते, किलोमीटरचा आकडा वाचते आणि अखेर शेजारच्या साध्या डिझेल गाडीचा सौदा करून निघून जाते. कारण विचारावे तर उत्तर एकच मिळते : "गाडी उत्तम आहे हो, पण बॅटरी गेली तर?" या एका प्रश्नाने जुन्या हायब्रिड मोटारींचा भाव जितका पाडला आहे, तितका त्यांच्यातील कोणत्याही यांत्रिक दोषाने पाडला नसेल.

प्रश्न रास्त आहे, परंतु तो चुकीच्या दारी विचारला जातो, असे माझे मत आहे. यंत्राची प्रकृती बहुधा ठणठणीत असते. त्या यंत्राला उतारवयात सांभाळण्याची जी व्यवस्था समाजाने, सरकारने आणि विकणाऱ्या कंपन्यांनी उभी करायला हवी होती, ती मात्र उभीच राहिलेली नाही.

या गाड्या आपल्याकडे मुळातच थोड्या आल्या. होंडाने २००८ साली सिव्हिक हायब्रिड साडेएकवीस लाखांना विक्रीस काढली आणि काही महिन्यांतच तिच्यावर आठ लाखांची सूट देण्याची पाळी कंपनीवर आली. २०१० साली टोयोटाची प्रियस आयात होऊन आली, ती हौशी लोकांपुरतीच राहिली. ऑगस्ट २०१३ मध्ये मात्र बंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात जुळवलेली कॅमरी हायब्रिड सुमारे तीस लाखांना मिळू लागली, आणि ऐषारामी सलून म्हणून तिला खऱ्या अर्थाने गिऱ्हाईक लाभले. पुढे २०१६ साली अकॉर्ड हायब्रिड आणि २०१७ साली लेक्सस ही मंडळीही आली. आज 'जुनी हायब्रिड' म्हणून जी गाडी बाजारात उभी दिसते, ती बहुतेक वेळा आपल्याकडे प्रथम आलेल्या पिढीतील कॅमरीच असते, सबब पुढील विवेचनात तिचेच उदाहरण मी मुख्यतः घेणार आहे.

पेट्रोलचे एंजिन आणि विजेची मोटर यांचा संसार एकाच गाडीत मांडण्याची कल्पना नवी नव्हे. फर्डिनंड पोर्शे यांनी १९०० सालीच तसली गाडी बनवून दाखवली होती, आणि डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस विक्रीस आल्यापासून तर ती कल्पना नित्याच्या वापरातली झाली. तरीही सामान्य समजूत अशी, की यंत्रे दोन म्हणजे दुखणीही दुप्पट. वास्तविक टोयोटाच्या रचनेत एंजिन आणि दोन विद्युत मोटरी ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या दंतचक्रांच्या एका जुडग्याने अशा जोडलेल्या असतात, की नेहमीच्या गाडीत जे भाग हटकून झिजतात त्यांतले कित्येक येथे अस्तित्वातच नसतात : क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही, गिअर बदलणारे पट्टेही नाहीत. गाडी थांबवण्याचे बरेचसे काम विजेची मोटरच उलट बाजूने वीज निर्माण करून उरकत असल्यामुळे ब्रेकचे पॅडही साध्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक टिकतात. अर्थात ब्रेकचा दाब सांभाळणारा जो विद्युत पंप असतो तो बिघडला तर मात्र खर्च मोठा येतो, हेही विकत घेणाऱ्याने समजून असावे.

आता ज्या बॅटरीचे भय लोकांच्या मनात घर करून आहे, तिच्याविषयी. कॅमरीच्या मागील आसनामागे निकेल-मेटल हायड्राइड जातीची जी बॅटरी असते, ती एकसंध ठोकळा नव्हे, प्रत्येकी ७.२ व्होल्टचे ३४ संच ओळीने जोडून २४४.८ व्होल्टची ती माळ केलेली असते. गाडीचा संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिती होऊ देत नाही. साधारणपणे ४० ते ८० टक्के या पट्ट्यातच तिला खेळवत ठेवतो, आणि मोबाइलची बॅटरी तीन वर्षांत मान टाकते तशी ही टाकत नाही त्याचे मुख्य कारण हेच आहे. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक-नियतकालिकाने २००२ सालची, दोन लाख मैलांहून अधिक धावलेली प्रियस २०११ मध्ये तपासली, तेव्हा तिचा इंधनखर्च आणि वेग घेण्याची शक्ती त्यांनीच पूर्वी तपासलेल्या नव्या प्रियसच्या जवळपास तितकीच भरली. त्या गाडीची बॅटरी मूळचीच होती.

परंतु अमेरिकेतील तो दाखला आपल्या हवेला जसाच्या तसा लागू पडत नाही. या बॅटरीचे खरे वैर उष्णतेशी आहे. तिला थंड ठेवण्यासाठी एक लहान पंखा गाडीच्या आतली हवा ओढून घेतो, आणि ती हवा ज्या जाळीतून आत जाते ती जाळी मागील आसनाजवळ, उतारूच्या खांद्याआड अशा ठिकाणी असते की मालकाला ती वर्षानुवर्षे दिसतही नाही. तिच्यावर कोणी शाल टाकतो, कोणी उशी ठेवतो, कोणी आसनाला जाड खोळ शिवून घेऊन ती कायमची झाकून टाकतो. एकदा अशा एका गाडीचे मागील आसन काढलेले मी पाहिले. पंख्याच्या पात्यांवर धूळ, खोळीच्या कापसाचे तंतू आणि पाळलेल्या कुत्र्याचे केस यांचा असा दाट नमदा बसला होता, की मिस्त्रीने तो बोटांनी सोलून काढला तेव्हा पात्यांच्या आकाराचा साचाच त्याच्या हातात आला. एप्रिल-मे महिन्यांत काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी, त्यात हा गुदमरलेला पंखा. एवढ्यावर बॅटरीने दहा वर्षे काढली, हेच नवल म्हणायचे. वर्षातून एकदा तो पंखा उघडून स्वच्छ करणे हे या गाडीच्या देखभालीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

दुसरी गोष्ट वातानुकूलनाची. या गाडीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही, तो त्याच मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो. त्यामुळे त्यात घालायचे तेलही विजेला अटकाव करणारे, विशिष्ट जातीचेच लागते. एसीचा गॅस कमी झाला म्हणून रस्त्यावरच्या कारागिराकडे गाडी नेली आणि त्याने सवयीने नेहमीचे तेल सोडले, तर विद्युतरोधनात दोष उत्पन्न होऊन गाडी चालूच व्हायची नाही. बिचाऱ्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हे कोणी सांगितलेलेच नसते.

शिवाय डिकीत एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते, आणि मुलांकडे अमेरिकेला दोन-तीन महिने जाऊन आलेल्या आईवडिलांची गाडी जेव्हा कुलूपही उघडत नाही आणि दिवाही लावत नाही, तेव्हा दहांतील नऊ वेळा तीच बिचारी उतरलेली असते. घरात मात्र सुतकी कळा पसरते, कारण मोठी बॅटरी गेली असेच सारे धरून चालतात. तसेच घाटाचे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना मोठी बॅटरी भरते; भरली की वीज साठवायला जागा उरत नाही, आणि मग ती जादा वीज खर्ची टाकण्यासाठी विजेची मोटर एंजिनला पेट्रोलाविना गरगर फिरवू लागते. एंजिन एकाएकी घोंघावू लागलेले ऐकून नवा मालक गाडी बाजूला घेतो आणि फोन काढतो. गिअरच्या दांड्याजवळ जे 'बी' अक्षर आहे ते याच उतारासाठी आहे, हे त्याला गाडी विकणाऱ्याने सांगितलेले नसते, कारण विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

माझा अनुभव विचाराल तर या गाड्यांत विजेचा भाग टिकतो, म्हातारा होतो तो ऐषाराम. मागील आसनाच्या हातटेकणीवरील कळा दाबल्या तरी आसन मागे कलत नाही, मागल्या काचेचा पडदा अर्ध्यावर अडकतो, पडद्यावरचे नकाशे दहा वर्षांपूर्वीच्या पुण्याचे असतात, आणि आपल्या गतिरोधकांनी खालच्या रबरी बुशांची वाट लावलेली असते. लेक्ससच्या एलएस ६००एच या थोरल्या गाडीला हवेवर झेलणारे सस्पेन्शन असते. ते बसले की जो खर्च येतो तो पाहून माणूस हायब्रिड बॅटरीला दुवा देईल. तीस लाखांची गाडी आठ लाखांना मिळाली तरी तिचे सुटे भाग तीस लाखांच्या गाडीचेच असतात, हा साधा हिशेब जुनी ऐषारामी गाडी घेणारे नेमका विसरतात, मग ती हायब्रिड असो वा नसो.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या परिचयातील एका निवृत्त प्राध्यापकांच्या हायब्रिड सलूनमध्ये एके दिवशी इशाऱ्याचा दिवा लागला. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात 'पी-शून्य-ए-ऐंशी' हा संकेतांक निघाला आणि संपूर्ण बॅटरी बदलण्याचे अंदाजपत्रक त्यांच्या हाती आले. रक्कम गाडीच्या चालू बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास होती. कोणता संच अशक्त आहे, किती आहेत, प्रत्येकाचा दाब किती भरतो, हे त्यांनी सविनय विचारले. ती माहिती ग्राहकाला देण्याची पद्धत नाही, असे त्यांना तितक्याच विनयाने सांगण्यात आले. वास्तविक ती माहिती त्याच संगणकात, त्याच क्षणी, आकड्यांच्या ओळींत हजर असते. एका खासगी गॅरेजातील तरुणाने लॅपटॉप जोडून ती दाखवली : ३४ संच जोडीजोडीने मोजले जातात, त्यांतल्या दोन जोड्यांचा दाब वेग घेताना बाकीच्यांपेक्षा झपाट्याने कोसळत होता. त्या तरुणाने एवढीही सचोटी दाखवली, की तेवढेच संच बदलले तर वर्षा-दोन वर्षांत त्यांचे समवयस्क शेजारी एकामागून एक मान टाकतील, तेव्हा जुळवून घेतलेली पूर्ण माळच बसवावी, असे त्याने स्पष्ट बजावले. प्राध्यापकांनी खर्च केला, पण काय होते आणि काय होणार आहे हे समजून केला. सेवाकेंद्रात त्यांच्याकडून नेमके हे समजून घेणेच काढून घेतले गेले होते.

येथे मुंबईच्या टॅक्सीची आठवण होते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी विसाव्या शतकाच्या अखेरीस बनणे बंद झाली, तरी काळी-पिवळी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, आणि शेवटची गाडी हटली तीसुद्धा वीस वर्षांची कायदेशीर मुदत संपली म्हणून. ती गाडी काही फार मजबूत नव्हती. तापायची, गळायची, पावसाळ्यात हटून बसायची. परंतु तिच्या पोटात काय आहे हे मुंबईतल्या गल्लोगल्लीच्या मिस्त्रीला पाठ होते, सुटे भाग हवे तिथे मिळत होते, आणि दुरुस्तीची विद्या कोणाच्या मालकीची नव्हती. तिच्याहून सर्व दृष्टींनी सरस अशी हायब्रिड मोटार दहाव्या-बाराव्या वर्षी भंगाराची वाट धरते, ती केवळ तिच्या दुरुस्तीची विद्या कुलूपबंद आहे म्हणून.

हे कुलूप बेकायदा आहे, असे म्हणायला आधार आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल दोषी ठरवून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा एकत्रित दंड ठोठावला आणि ती साधने खुली करण्याचा हुकूमही दिला. पुढे अपिले झाली, दंडाच्या आकारणीवर वाद झाले, वर्षे गेली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, एक संकेतस्थळही उघडले. परंतु हक्क म्हणून कोर्टात दाखवता येईल असा कायदा त्यातून अद्याप निपजलेला नाही. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी थेट मतदानाने मोटारींपुरता असा कायदा करवून घेतला, आणि त्यामुळे तेथील मोटार कंपन्यांचे दिवाळे वाजल्याचे ऐकिवात नाही.

कंपन्यांचा एक युक्तिवाद मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. या गाडीतील वीज प्राणघातक आहे. बॅटरीचे २४४ व्होल्ट पुढे ६५० पर्यंत चढवले जातात. नारिंगी रंगाच्या त्या जाड तारांना हात लावण्यापूर्वी बॅटरीवरील सर्व्हिस प्लग उपसून काढावा लागतो, त्यानंतरही कपॅसिटरमधील वीज ओसरण्यासाठी दहा मिनिटे थांबावे लागते, आणि हातांत हजार व्होल्ट सोसणारे रबरी मोजे असावे लागतात. असे काम कोणाही सोम्यागोम्याने करू नये, हे शंभर टक्के मान्य. पण त्यावरून कंपनीखेरीज कोणीच करू नये, हे सिद्ध होत नाही. घराघरांतील विजेचे काम करणाऱ्या वायरमनलाही सरकारी परवाना लागतो, तो परीक्षा देऊन मिळतो, आणि खांबांवरच्या अकरा हजार व्होल्टच्या तारांपाशी आपली महावितरणची माणसे भर पावसात चढतात. त्यांना ती विद्या शिकवली म्हणून ती त्यांच्याजवळ आहे. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी उच्च दाबाच्या मोटारीच्या दुरुस्तीचा परवाना देणारा अभ्यासक्रम चालवला, तर कंपन्यांचा हा आक्षेप उरणार नाही. आणि त्याचा लाभ उद्या लाखांनी जुन्या होणाऱ्या विजेच्या गाड्यांनाही होईल.

सरकारी धोरणाविषयी थोडे बोलणे भाग आहे, जास्त बोलून उपयोग नाही. २०१५ साली 'फेम' योजनेत हायब्रिडला अनुदान, १ जुलै २०१७ पासून त्याच हायब्रिडवर २८ टक्के जीएसटी आणि वर १५ टक्के उपकर, आणि सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिडवर सरसकट ४० टक्के, तर निव्वळ विजेच्या गाडीवर ५ टक्के. या फर्मानांतून सरकारला हायब्रिड हवी आहे की नको, हे कोणा ज्योतिष्यालाही सांगता येणार नाही. दरम्यान पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. ऊस उत्पादक महाराष्ट्राने त्याविरुद्ध तक्रार करणे कृतघ्नपणाचे दिसेल. तथापि नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात, कमी इथेनॉलसाठी बनलेल्या चारचाकीचे इंधनमान अशा मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे नमूद होते. ज्या गाडीचे मोठेपणच पुण्यातील एआरएआय या संस्थेने प्रमाणित केलेल्या लिटरमागे १९ किलोमीटरच्या आकड्यावर उभे आहे, तिच्या मालकाला ही घट सोसावी लागते. मिश्रणाचा पर्याय निवडण्याची मुभा त्याला नाही.

जुनी हायब्रिड घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकाला माझे सांगणे एवढेच, की किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. महिनोन्‌महिने उभी राहिलेली कमी चाललेली गाडी ही रोज चाललेल्या गाडीपेक्षा बॅटरीच्या दृष्टीने पुष्कळदा वाईट असते. सौद्यापूर्वी लॅपटॉप जोडून प्रत्येक जोडीचा दाब, गाडी उभी असताना आणि चढावर जोर लावताना, असा दोन्ही वेळचा पाहावा. मागील आसनाजवळची जाळी उघडून पंखा पाहावा. आणि बॅटरी बदलण्याची रक्कम किमतीतून आधीच वजा धरून मगच हात पुढे करावा. विकणारा तपासणीला नकार देत असेल, तर तो नकार हाच तपासणीचा निकाल समजावा.

परंतु ही तजवीज प्रत्येक गिऱ्हाइकाने स्वतःच्या जबाबदारीवर करावी, ही काही व्यवस्था झाली नाही. परिवहन खात्याने गाडीच्या मालकीबदलाच्या अर्जासोबत बॅटरीच्या तपासणीचा लेखी दाखला बंधनकारक करावा, आणि संगणकातील आकडे मालकाने मागताच त्याच्या हाती देण्याची सक्ती कंपन्यांवर करावी. कंपन्यांना यात नवे काही तयार करावे लागणार नाही, कारण आकडे आधीच नोंदलेले आहेत. २०१३ साली रस्त्यावर आलेल्या पहिल्या कॅमरी हायब्रिडची पंधरा वर्षांची नोंदणी २०२८ मध्ये संपते, आणि त्यापुढे ती चालणार की भंगारात जाणार याचा निर्णय त्या दाखल्याविनाच होणार असेल, तर तो आंधळेपणाने होईल.